पेले की गारिंचा?

ब्राझीलच्या या दोन फुटबॉलपटूंच्या कारकिर्दीचा पसारा मोजायचा तर गारिंचा पेलेसमोर टिकत नाही. पेलेचे तीन विश्वचषक (१९५८, १९६२, १९७०), सान्तोस क्लबकडून गोलांचा पाऊस, शेवटी न्यूयॉर्क कॉसमॉस हा अमेरिकी क्लब. पण १९६२ला चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला आणि स्पर्धा ओढून नेली ती बोताफोगो क्लबच्या वाकड्या पायांच्या गारिंचाने, मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या या विंगरने: इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य फेरीत यजमानांविरुद्ध आणखी दोन. एकदा चकवलेल्या बचावपटूसमोर तो परत जायचा, उगाच, पुन्हा चकवायला! संघ निवडायचा तर मी पेलेच घेईन. तिकीट मात्र गारिंचासाठी काढेन. दारूने त्याला ४९व्या वर्षीच नेलं. आणि दोघे एकत्र उतरले, तेव्हा ब्राझील एकदाही हरलं नाही.