आठ महिने काउन्सेलिंग घेतल्यावर: माझी मुख्य तक्रार घड्याळाबद्दल होती

सायकॉलॉजिस्ट कोण, सायकियाट्रिस्ट कोण, सीबीटी (मनातले विचार तपासून बदलायची थेरपी) म्हणजे काय, हे तुम्ही वाचलेलं असणारच, त्यात शिरत नाही. आठ महिने झाले, २३ सेशन झाली, आता सांगण्यासारखं काहीतरी आहे म्हणून लिहितेय.

आधी पैशाचं, कारण हात तिथेच पोळले. पहिल्या ठिकाणी सहा सेशनचं पॅकेज आगाऊ भरून घेतलं. त्या गृहस्थांनी मी बोलत असताना दोनदा फोन घेतला आणि वर सल्ला दिला की मन रमवा, काळ गेला की सगळं ठीक होतं. हे तर सगळे नातेवाईक मला फुकटात सांगतच होते! तीन सेशननंतर मी बंद केलं, उरलेले पैसे मागितले तर नियमात बसत नाही म्हणाले, दीड महिना मेल पाठवले, काही उपयोग झाला नाही. त्यामुळे कळकळीने सांगते, पॅकेज घेऊ नका, एकेका सेशनचे पैसे द्या. पसंत नाही पडलं तर उठून येता आलं पाहिजे.

दुसऱ्या मॅडम मिळाल्या त्या नीट शिकलेल्या. पहिल्याच दिवशी सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर त्यांना ते इतरांना सांगावं लागेल. आणि जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारलं, आडून आडून नाही. मला त्या प्रश्नाने बरंच वाटलं. (तुमचं उत्तर हो असेल तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, लगेच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना गाठा, औषधं लागली तर घ्या, औषधं आणि काउन्सेलिंग दोन्ही एकत्र चालतं.) मग नैराश्य किती आहे ते बघायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, पीएचक्यू-९, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का वगैरे, एकूण २७ पैकी, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे १७ आले.

माझं दुखणं एका वाक्यात सांगते. बाबा गेले त्या रात्री त्यांचा फोन आला होता आणि मी उचलला नव्हता.

आता घड्याळ. सेशन ५० मिनिटांचं. खोलीतलं घड्याळ माझ्या डोक्याच्या मागे भिंतीवर, म्हणजे मॅडमना दिसायचं, मला नाही. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली की माझा घसाच बंद व्हायचा. बरं, मला खरं बोलणं सुचायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत, आधी सगळा वेळ ऑफिस, झोप, बहिणीशी झालेलं भांडण यातच जायचा, आणि मुख्य गोष्ट तोंडात आली की "आज इथे थांबूया." सातव्या सेशननंतर जिन्यात बसून रडले. घरी येऊन एका मिनिटाला किती पैसे पडतात याचा हिशोब काढला आणि ठरवलं, बास. मेसेज टाइप पण केला होता. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी एक स्टार दिला असता.

मेसेज पाठवला नाही, गेले आणि तोंडावर सांगितलं की तुमच्या घड्याळाचा मला भयंकर राग येतो. मला वाटलं त्या नियम सांगतील. त्यांनी विचारलं, मी तिकडे बघते तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय येतं? मी म्हटलं, की हिचं फार लांबलंय, आटपा आता. त्या गप्प राहिल्या. आणि मग माझ्याच तोंडून निघालं की बाबांचे फोन लांबायचे, तेव्हा मी अशीच घड्याळाकडे बघायचे. त्या रात्री पण बघितलं होतं आणि फोन उलटा करून ठेवला होता. हे मी तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर घड्याळ बाजूच्या फडताळावर आलं, दोघींना दिसेल असं, आणि दहा मिनिटं उरली की त्या आधी सांगायला लागल्या. एवढीशी गोष्ट, पण खरं काम तिथून सुरू झालं. थेरपी कुठल्याही पद्धतीची असो, काउन्सेलर आणि आपलं नातं कसं जमतं यावर बराच फरक पडतो असं संशोधन सांगतं. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने तर १९५७ मध्येच या नात्याला मध्यभागी ठेवलं होतं. बिनसलं तर बोलून जुळवता येतं, म्हणून तक्रार आधी त्यांनाच सांगा, सोडायचं नंतर ठरवा.

मग वहीचं काम. सीबीटीतलंच, आरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत, मनात आपोआप उमटणारा विचार पकडायचा आणि तपासायचा. पानावर रकाने: प्रसंग, विचार, तो किती टक्के खरा वाटतो, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा. मी लिहिलं, "फोन उचलला असता तर बाबा वाचले असते," ९५ टक्के. विरुद्ध पुराव्याचा रकाना दोन आठवडे कोरा होता. मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, वेळा लिहा. फोन रात्री १०.५० चा. बाबांना त्रास सुरू झाला पहाटे तीननंतर, आई शेजारीच होती, तिने लगेच सगळ्यांना उठवलं. या दोन्ही वेळा मला पहिल्यापासून माहीत होत्या, पण एका कागदावर एकाखाली एक कधी लिहिल्याच नव्हत्या. तो फोन बहुतेक नेहमीसारखा गप्पा मारायचाच होता. त्या दिवशी ९५ चे ४० झाले. त्यांच्याशी बोलायचं राहिलं याचं दुःख आहे तसंच आहे, पण ते मी त्यांना मारलं या भावनेपेक्षा फार वेगळं आहे, त्या दुःखात मला झोप लागते.

मध्ये दोन-तीन आठवडे जास्त त्रास झाला हेही सांगते, जुनं उकरलं की होतो. फॉर्मचे मार्क आता ६ आहेत.

५० मिनिटं मला अजूनही कमीच वाटतात. पण आता महिन्यातून एकदाच जाते, आणि जायच्या आदल्या रात्री वहीत एकच ओळ लिहिते, बसल्या बसल्या पहिलं काय बोलायचं ती. या वेळची लिहून झालीये, आईबद्दल आहे.