डेक्कन क्वीनने गिरगाव: गौरी गेल्यावरचा एक दिवस

नारायण पेठेत राहायचं आणि गणपती बघायला मुंबई गाठायची, हे शेजारच्या काकूंना काही पटलं नाही. "इथले संपले का?" असं त्यांनी तोंडावर विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. मानाचा पाचवा, केसरीवाड्याचा, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पण सासूबाईंचं माहेर गिरगावातलं, आणि लग्न झाल्यापासून गणपतीत त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. गणपतीत सुनेनं घर सोडायचं नाही, हा नियम त्यांना लावला गेला आणि पुढे त्यांनी मला लावला. या वर्षी त्यांनीच मोडला.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मी सकाळी आठला फोन घेऊन बसले होते, म्हणून चेअर कारमध्ये शेजारशेजारच्या दोन जागा मिळाल्या. दिवस निवडला गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा. मुखवटे डब्यात गेलेले, पुरणाचं पातेलं घासून झालेलं, आणि घरच्या गणपतीची आरती करायला नवरा आणि मुलगा. (केली. नैवेद्याला बाहेरून आणलेले पेढे होते, हे नंतर कळलं.)

गाडी पुण्याहून 7:15 ला सुटते आणि 10:25 ला सीएसएमटीला पोचते. आमच्या जागेवर आधीच एक बाई पर्स ठेवून बसल्या होत्या. "लोणावळ्यापर्यंतच हो," म्हणाल्या. सासूबाईंनी फक्त तिकीट पुढे धरलं. बाई उठल्या.

डायनिंग कारबद्दल सगळेच लिहितात, मीही लिहिणार. तिथं टेबलाशी बसून खाता येतं आणि खिडकीबाहेर घाट सरकत असतो. पावसाळा सरत आलेला असला तरी कड्यांवरून पाणी उतरतच होतं. आम्ही कटलेट आणि चीज टोस्ट घेतला. कटलेट बाहेरून कुरकुरीत, आत बटाट्याबरोबर बिटाचा लाल रंग, सॉसच्या पुड्या दोन. सासूबाईंनी काट्याने एक कोपरा तोडला, चावला, आणि म्हणाल्या, "हं." त्यांच्याकडून हे प्रमाणपत्रच समजायचं, कारण माझ्या साबुदाणा वड्यांना अजून "हं" मिळालेलं नाही. बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडायची आणि चहा कपाच्या काठापर्यंत यायचा. गाडी 1 जून 1930 ला सुरू झालेली. दर 1 जूनला प्रवासी तिचा वाढदिवस केक कापून करतात, हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा मोठी आहे. हार घालायला हवा होता."

आता मुंबई. परतीची गाडी 5:10 ला, म्हणजे हातात पावणेसात तास. माझ्या मनात लालबाग होतं. खरं सांगते, मीच हट्ट धरला होता. तिथं नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, आणि मुखदर्शनालाही गर्दीच्या दिवसांत कितीतरी तास जातात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन त्यात उभं राहायचं आणि एक डोळा घड्याळावर ठेवायचा, हे मी स्टेशनवरच सोडून दिलं. एका दिवसासाठी येणाऱ्यांनी सोडूनच द्यावं.

स्टेशनबाहेरच्या पहिल्या टॅक्सीवाल्याने मीटरकडे न बघता थेट आकडा सांगितला. दुसराही तोच आकडा. तिसरा मीटरने आला, पण ठाकूरद्वारपर्यंत "सण आहे, ताई" हे पुरवून पुरवून ऐकवलं.

केशवजी नाईक चाळीतला गणपती 1893 सालचा, मुंबईतला पहिला सार्वजनिक. तुम्ही भव्य काहीतरी बघायला जाल तर निराश व्हाल. शाडूची लहानशी मूर्ती, साधी आरास, बाजूला सतरंज्या. रांग नाही, ढकलाढकली नाही. एक मुलगा प्रसादाची खिरापत चमच्याने मोजून देत होता. सासूबाईंनी चपला काढल्या, पण आधी गणपतीकडे पाहिलंच नाही. वर मान करून लाकडी कठड्यांकडे बघत बसल्या. एका कठड्यावर परकर वाळत होता. "इथंसुद्धा अजून तसंच," एवढंच म्हणाल्या. मी काही विचारलं नाही.

तिथून चालत निकदवरी लेनमध्ये, गिरगावच्या राजाकडे. तोही शाडूचाच, पण मान पाठीला टेकेपर्यंत उंच. एकाच मातीची ही दोन टोकं अर्ध्या तासात बघायला मिळतात, आणि माझ्या मते दोन्हीकडे जायला हवंच. लालबागच्या रांगेत हे जमलं नसतं.

जेवण हा दिवसाचा वाईट भाग. एका नावाजलेल्या, भिंतीवर जुने फोटो लावलेल्या हॉटेलात थालीपीठ मागवलं. पंचवीस मिनिटांनी आलं, कडेने गरम आणि मध्ये गार, म्हणजे सकाळचं परत तव्यावर टाकलेलं. लोण्याचा गोळा मात्र ताजा, तो एकटा काय करणार? गल्ल्यावर सांगितलं तर उत्तर आलं, "गणपतीत असंच असतं." पैसे गणपतीत नेहमीचेच घेतात, ते नाही कमी होत. मग पणशीकरांकडे पियूष प्यायलो. दाट, केशराचा, जायफळ जिभेवर कळेल इतकंच. सासूबाईंनी दुसरा पेला मागितला आणि मी मधुमेहाचा विषय काढला नाही.

परतीला चार वाजताच स्टेशन गाठलं, बरं केलं, धोबीतलावला अर्धा तास अडकलो होतो. गाडी वेळेवर सुटली, 8:25 ला पुण्यात. 192 किलोमीटर सव्वातीन तासांत. आणि मग स्टेशनपासून नारायण पेठ, चारेक किलोमीटर: देखाव्यांसाठी रस्ते बंद, रिक्षा पेठेत शिरायला तयार नाही, एका रिक्षाने शनिवारवाड्याच्या अलीकडे उतरवलं. पुढे गर्दीतून हात धरून चालत, पिपाण्यांच्या आवाजात, घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. काकू दारातच उभ्या होत्या.