बरडावर सोलर लावून देतो म्हणाले

दारव्हा तालुक्यात आमची ११ एकर शेती आहे. त्यातली ५ काळी आणि ६ बरड. बरडात मुरूम, पळसाची झुडपं आणि रानडुकरं. तूर पेरली तर अर्धी डुकरांची, अर्धी आपली. सबस्टेशन तिथून दीड किलोमीटरवर आहे, रात्री त्याचे दिवे शेतातून दिसतात.

सोलरला जमीन भाड्यानं घेतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते खरंही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर पॅनल लावायचे, तिथली वीज ११ केव्हीच्या लाइनवर सोडायची आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या लाइनला, दिवसा पुरवायची. आमच्याकडे एक आठवडा दिवसाची लाइट आणि एक आठवडा रात्रीची. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोनला उठून हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला दिवसा लाइट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझी फसवणूक अशी खऱ्या योजनेच्या आडून झाली, म्हणून आधी एवढं सांगितलं.

डिसेंबर २०२४ मध्ये फोन आला. बोलणारा पुण्याकडच्या मराठीत, अगदी अदबीनं बोलत होता. त्यानं माझं पूर्ण नाव, गट नंबर, क्षेत्र, इतकंच काय पोटखराबा, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, किती तोही सांगितला. मला वाटलं, एवढं ठाऊक आहे म्हणजे ऑफिसातलाच माणूस. सातबारा महाभूलेखवर कोणालाही पाहता येतो हे मला माहीत होतं, मीच कितीदा दुसऱ्याचा काढून पाहिला आहे. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. एकरी ४ लाख भाडं, करार होताच १० लाख ॲडव्हान्स आणि २५ वर्षांचा करार, असं तो म्हणाला. नोंदणीचे ५,५०० आधी भरायचे होते.

बायको चुलीपाशी भाकर टाकत होती. तिथूनच म्हणाली, "अवो, भाडं देनारा मानूस आपल्यालेच पैसे काऊन मांगते?"

मी म्हटलं, तुला यातलं समजत नाही. हे वाक्य मला अजून रोज ऐकावं लागतं.

चार दिवसांनी दोन पोरं मोटारसायकलवर आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टेप आणि एक तिपाई. एकानं मोबाइलवर शेताचे फोटो घेतले, दुसऱ्यानं चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून त्यांना लाल फडकं बांधलं. मी त्यांना घरी नेऊन चहा पाजला. खुंटी ठोकली की माणसाला वाटतं काम सुरू झालं. सर्व्हे आणि 'ग्रिड कनेक्टिव्हिटी अहवाल' यांचे २८,६०० मी त्याच संध्याकाळी फोनवरून पाठवले.

मग व्हॉट्सॲपवर पत्र आलं. वर राजमुद्रा, मध्ये तिरपा शिक्का, खाली 'कार्यकारी अभीयंता'. अभियंत्याची वेलांटी दीर्घ होती. मी ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं, सरकारी कागदात काय चुका कमी असतात? पत्रात लिहिलं होतं की आमच्या सबस्टेशनमध्ये माझ्या नावानं 'बे' राखून ठेवली आहे, त्याची अनामत जीएसटीसह ९४,००० रुपये सात दिवसांत भरावी, नाहीतर ती पुढच्या अर्जदाराला जाईल. पैसे एका माणसाच्या खात्यात भरायचे होते. खातं परराज्यातलं होतं.

घरातल्या खोलीत १४ क्विंटल कापूस भरून ठेवला होता. सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, पण तिथं नंबर लागायचा, मग पैसे जमा व्हायचे, आणि माझ्याकडे सात दिवस. व्यापाऱ्यानं घरून ६,८०० नं उचलला. तासाभरात खोली रिकामी झाली. पैसे त्याच दिवशी पाठवले. कापसाच्या ढिगाची अंगाला सुटलेली खाज गेली नव्हती, तेवढ्यात पैसे गेले.

जानेवारीत पुढची मागणी आली: ॲडव्हान्सचे १० लाख सुटण्याआधी 'आयकर' म्हणून २ लाख १५ हजार. एवढे नव्हतेच माझ्याकडे. नाहीतर मी तेही भरले असते.

गावातला एक पोरगा सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. त्याला पत्र दाखवायचं ठरवलं, तेही खात्री करायला नाही, दोन आठवड्यांची मुदत कोणाकडून मागायची ते विचारायला. रात्रपाळी होती. त्यानं पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"काका, यात लिवलंय २४ तास वीज तयार होईन. रातच्याले सूर्य कुठून आनतीन?"

हे मी वाचलंच नव्हतं. खाली आणखी होतं, 'लाइट गेल्यावरही उत्पन्न सुरू राहील'. त्यानं मला आवारात उभं करून समजावलं. लाइनवरचा पुरवठा गेला की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेला लाइनमन मरायचा. म्हणजे लाइन बंद असेल तेवढा वेळ प्रकल्पाचं उत्पन्नही बंद. आणि बे म्हणजे काय तेही दाखवलं: खडी टाकलेल्या आवारात ब्रेकर, आयसोलेटर आणि मीटरची पेटी असलेली एक जागा, जिथून लाइन आत येते किंवा बाहेर जाते. ती बांधायची, तिथपर्यंत लाइन ओढायची, हा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचा खर्च. ट्रान्सफॉर्मर केवढा, फीडरवर लोड किती, त्यावरून कुठं किती मेगावॉट जोडायचं ते ठरतं, आणि कंपनी टेंडरमधून निवडली जाते. जमीनवाल्याला बे विकत नाहीत. "आपल्या सबस्टेशनचं त ई-क्लासवर कवाचंच ठरलं काका," तो म्हणाला. गावाची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमीन, मोजून गेली होती, मला पत्ताच नव्हता.

घरी आल्यावर झोप येईना, तेव्हा वहीत हिशेब मांडला. तो महिनाभर आधी मांडायला हवा होता. १ मेगावॉटला ४ ते ५ एकर जागा लागते. वर्षाला साधारण १६ लाख युनिट वीज होते. युनिटला ३ रुपयांच्या आसपास धरले तर ४८ लाख. प्रकल्पाचा खर्च ४ कोटींच्या घरात, त्याचं व्याजच ३६ लाख. उरले १२. आणि तो मला ५ एकरांचे २० लाख देणार होता. सातवीतल्या पोराला जमेल असं गणित आहे, पण मला त्या लाल फडक्यांपुढं सुचलं नाही.

एकूण १,२८,१०० गेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर फोन केला तो शेवटचे पैसे पाठवल्याला १९ दिवस झाल्यावर. पलीकडच्या बाईनं पहिलं विचारलं, कधी पाठवले? पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. माझे १७,४०० गोठवले आणि ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. बाकीचे चार-पाच खात्यांतून निघून गेले.

कोणाला खरंच जमीन द्यायची असेल तर महावितरणच्या स्वतःच्या वेबसाइटवर नोंदवावी, वेबसाइटच्या पत्त्यातल्या अक्षरांकडे नीट पाहावं, आणि पैसे मागणारा फोन आला तर तो न ठेवता म्हणावं, "उद्या सबस्टेशनवर भेटा, ऑपरेटरसमोर बोलू." माझा माणूस त्या एका वाक्यानं पळाला असता असं मला वाटतं. सोलर पंपाच्या नावानंही असेच फोन येतात. तिथं खरंच काही रक्कम भरावी लागते, त्यामुळे ते ओळखणं जास्त अवघड आहे. ती रक्कम योजनेच्या पोर्टलवरच भरायची असते, फोन करणाऱ्याच्या खात्यात नाही.

मी हे कोणाला सांगणार नव्हतो. पानटपरीवर लोक 'सोलरवाले पाटील' म्हणून हाक मारतात, तेवढं पुरे होतं. पण परवा दिग्रसकडच्या मावसभावानं एक पत्र पाठवलं, 'दादा, हे पाय, आपलं काम झालं' म्हणून. गट नंबर त्याचा, शिक्का तोच, आणि खाली 'कार्यकारी अभीयंता'. लगेच फोन लावला. त्याच्या शेतात खुंट्या ठोकून झाल्या होत्या.