घरी बांधलेला कॅनिस्टर फिल्टर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझी माशांची टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. काचेच्या मापाने तिच्यात १८२ लिटर पाणी मावते. वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की सुमारे १५० लिटर उरते. त्यात २० निऑन टेट्रा आणि ६ कॉरिडोरास हे छोटे मासे आणि बरीच पाणवनस्पती आहे. पूर्वी टाकीच्या काठाला अडकवण्याचा छोटा फिल्टर होता. त्याचा मूठभर स्पंज दर चार दिवसांनी तुंबत असे आणि तो धुताना आपण पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंची वसाहतच उपटून टाकत आहोत, ही रुखरुख मला लागून राही. म्हणून टाकीखालच्या कपाटात बसेल असा, सात-आठ लिटर क्षमतेचा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीतले पाणी नळीने खाली आणून गाळून परत वर पाठवणारा बंद डबा, स्वतः बांधायचे मी ठरवले. तो अकरा महिने चालू आहे आणि पाण्याच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. बांधावा मात्र तो दोनदा लागला. अशा फिल्टरविषयी बोलताना आत काय भरावे यावर पुष्कळ चर्चा होते, झाकणाविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि माझा पहिला प्रयत्न झाकणापाशीच फसला.

तो पहिला कॅनिस्टर म्हणजे रुंद तोंडाचा, आट्यांच्या झाकणाचा साठवणीचा प्लास्टिकचा डबा होता. झाकणाचा व्यास २२ सेंटिमीटर होता आणि टाकीतली पाण्याची पातळी त्याच्यापासून १ मीटर २० सेंटिमीटर उंचीवर होती. पाण्याच्या दर १ मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार येतो. म्हणजे इथे १२० ग्रॅम. झाकणाचे क्षेत्रफळ ३८० चौरस सेंटिमीटर धरले, तर ते झाकण रात्रंदिवस खालून सुमारे ४५ किलोच्या जोराने वर ढकलले जात होते. हा साधा हिशेब मी डबा निवडण्यापूर्वी करायला हवा होता. सपाट झाकण मधोमध फुगले, कडेचा रबरी वॉशर एका बाजूला सैल पडला आणि सतराव्या दिवशी कपाटाच्या तळाशी ओल दिसली. नळ्यांचे जोड मी सिलिकॉन लावून बंद केले होते, पण डबा पॉलिथिलीनचा होता आणि पॉलिथिलीनला सिलिकॉन धरत नाही. वाळलेला थर नखाने ओढताच सालीसारखा अखंड निघून आला.

दुसऱ्या वेळी १६० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप ४५ सेंटिमीटर लांबीचा कापून घेतला. आतला व्यास १५२ मिलिमीटर असल्याने त्यात सुमारे ८ लिटर पाणी मावते. खालच्या तोंडाला एंड कॅप, म्हणजे पाइप बंद करणारे टोपण, सॉल्व्हंट सिमेंटने बसवली आणि वर आट्यांचे, ओ-रिंग म्हणजे पाणी अडवणारे रबरी कडे असलेले झाकण घेतले. या झाकणाचे क्षेत्रफळ १८१ चौरस सेंटिमीटर आहे, त्यामुळे त्याच उंचीवर त्याला २२ किलोच्या आसपासच भार सोसावा लागतो, आणि गोल नळकांडे आतला दाब सगळीकडे सारखा वाटून घेते. सॉल्व्हंट सिमेंट डिंकासारखे दोन पृष्ठभागांच्या मध्ये बसून राहत नाही. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते, म्हणून तो जोड मला विश्वासाचा वाटतो. मी तो दोन दिवस वाळू दिला आणि मासे असलेल्या टाकीला जोडण्यापूर्वी कॅनिस्टर तीन वेळा पाण्याने भरून ओतून दिला. नळ्यांसाठी टँक निपल, म्हणजे भोकात आट्यांनी आवळून बसवायचे जोड, वापरले, ज्यांचे रबरी वॉशर सपाट पृष्ठभागावरच नीट दाबले जातात. पाइपच्या गोलाईवर भोक पाडले असते तर कडा कुठेतरी उचललेली राहिलीच असती. म्हणून दोन्ही भोके झाकणातच पाडली. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावते. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने अनेक प्रकारचे रबर फुगते. सगळे जोडल्यावर न्हाणीघरात नळी २ मीटर उंच धरून, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच अधिक दाबाखाली, कॅनिस्टर तीन दिवस ठेवला आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला. बोटाला न जाणवणारा पाझर टिश्यूवर लगेच दिसतो.

पंपाबाबतही मला मत बदलावे लागले. पाण्यात बुडणारा पंप कॅनिस्टरच्या आतच ठेवावा, हा पहिला विचार होता. तसे केले तर विजेची तार झाकणातून बाहेर काढावी लागते. अशा पंपांची तार पुष्कळदा चपटी असते आणि तार घट्ट आवळणारे केबल ग्लँड गोल तारेसाठी घडवलेले असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना बारीक फट उरते. त्या फटीत काहीतरी भरून पाणी आणि वीज एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी घ्यायला माझे मन धजावले नाही. आता पाण्यात व पाण्याबाहेर दोन्हीकडे चालण्यासाठी बनवलेला १२ वॉटचा पंप कॅनिस्टरच्या बाहेर, गाळलेले पाणी टाकीत परत नेणाऱ्या निर्गम नळीवर, टाकीच्या पातळीच्या बराच खाली बसवला आहे. त्याला गाळलेले पाणी मिळते आणि तो कधी कोरडा पडत नाही. पंपाचे तोंड वरच्या दिशेला ठेवावे. आडवे ठेवले असता आत हवा अडकून तो दिवसभर घरघरत होता. तार प्लगकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवली आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल, आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा स्विच आहे. त्याविना असा फिल्टर कोणी चालवू नये.

पंपाला सव्वा मीटर पाणी चढवायचे आहे, तेव्हा तो मोठ्या ताकदीचा हवा, असा पुष्कळांचा समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की खाली उतरणाऱ्या पाण्याचे वजन वर चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. पंपाला झगडावे लागते ते नळ्या, वळणे आणि आतला स्पंज यांच्या घर्षणाशी. माझ्या पंपावर ताशी १००० लिटर असे लिहिलेले आहे. १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळ्या असताना १० लिटरची बादली भरायला ६८ सेकंद लागत, म्हणजे ताशी ५२९ लिटर. १६ मिलिमीटरच्या नळ्या घेतल्या, तीन काटकोनी वळणे काढून तिथे नळीच सैलसर वळवली, आणि तीच बादली ५० सेकंदांत भरू लागली. ताशी ७२० लिटर हा प्रवाह माझ्या टाकीला पुरेसा आहे. मोजताना नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरावे. बादलीबरोबर ते खाली नेले, तर सायफनचा, म्हणजे भरलेल्या नळीतून आपोआप खाली वाहणाऱ्या पाण्याचा, जोर मिसळून आकडा फुगतो. पाचव्या महिन्यात हाच वेळ ८० सेकंदांवर गेला. मी आधी स्पंजला दोष दिला, तो धुतला, फारसा फरक पडला नाही. मग लांब ब्रशने नळ्या आतून घासल्या तेव्हा तपकिरी बुळबुळीत थर निघाला आणि वेळ ५४ सेकंदांवर आला.

आतली मांडणी साधी आहे. येणारे पाणी मधल्या पाइपने तळाशी जाते, तिथे ५ सेंटिमीटर जागा गाळासाठी मोकळी ठेवली आहे, वर भोके पाडलेली चकती, तिच्यावर जाड छिद्रांचा फोम, मग मध्यम फोम आणि वरच्या अर्ध्या भागात सिरॅमिक रिंगा व साबण नसलेल्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या. फोमच्या चकत्या पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा ५ मिलिमीटर मोठ्या आणि मधले भोक थोडे लहान कापले, कारण पाणी सोपी वाट शोधते आणि कडेला फट सापडली की फोमला वळसा घालून निघून जाते. सर्वांत वर पांढऱ्या फिल्टर कापसाचा थर होता, तो मी दुसऱ्या महिन्यात काढून टाकला. पाणी काही दिवस काचेसारखे स्वच्छ दिसे हे खरे, पण आठवड्यात तो तुंबून प्रवाह निम्मा होई आणि त्याच्यासाठी सगळा कॅनिस्टर उघडावा लागे.

जुना फिल्टर मी सहा आठवडे सोबत चालू ठेवला आणि त्याच्या स्पंजचा अर्धा तुकडा नव्या कॅनिस्टरात घातला. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांना वेळ दिल्यामुळे या बदलात एकही मासा दगावला नाही. त्यानंतरच्या चाचण्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला १० ते २० मिलिग्रॅम असे आले आहेत. अपवाद एकच, आणि तो बंद कॅनिस्टर वापरणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. आठव्या महिन्यात वीज सात तास गेली. अमोनियाच्या रूपातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करताना हे जिवाणू सुमारे ४.५ ग्रॅम ऑक्सिजन वापरतात. पाणी खेळते असेपर्यंत तो मिळत राहतो, पण बंद पडलेल्या आठ लिटरांत तो लवकर संपतो. वीज आल्यावर पंप तसाच सुरू केला असता तर ते कुजट पाणी थेट माशांच्या अंगावर गेले असते. मी कॅनिस्टर उघडला, पाणी ओतून दिले, फोम टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घेतला आणि मगच पंप लावला. फोम नळाखाली धुतला असता तर त्या पाण्यातल्या क्लोरिनने उरलेले जिवाणूही मेले असते. तरी दुसऱ्या दिवशी अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅम दिसला. दोन दिवस खाणे बंद ठेवून थोडे थोडे पाणी बदलल्यावर तो शून्यावर आला.

गळती झालीच तर किती पाणी बाहेर येईल, याचाही हिशेब ठेवला आहे. माझ्या टाकीत १ सेंटिमीटर उंची म्हणजे ४ लिटर पाणी. शोषनळीचे, म्हणजे टाकीतले पाणी कॅनिस्टरकडे नेणाऱ्या नळीचे, तोंड टाकीच्या तळाजवळ असल्याने खालची नळी निसटली तर जवळपास सगळी टाकी जमिनीवर येऊ शकते. म्हणून शोषनळीला पाण्याच्या पातळीखाली ५ सेंटिमीटरवर भोक पाडले, जेणेकरून पातळी तिथवर उतरली की हवा शिरून सायफन तुटावा. ३ मिलिमीटरचे भोक पुरले नाही. मुद्दाम नळी सोडून पाहिली तेव्हा पाणी वाहतच राहिले. ६ मिलिमीटरची दोन भोके पाडल्यावर सायफन तुटला आणि नुकसानीची मर्यादा सुमारे २० लिटरवर आली. परतीच्या नळीलाही २ सेंटिमीटर खाली तशीच भोके आहेत. याची किंमत अशी की बाष्पीभवनाने पातळी उतरली तर परतीच्या भोकांतून पाणी उडते आणि शोषनळीत हवा शिरते, त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी पाणी भरणे मला चुकवता येत नाही.

सर्वांत उशिरा केलेली आणि आधी करायला हवी होती अशी सुधारणा म्हणजे दोन्ही नळ्यांवर बसवलेले कॉक आणि युनियन, म्हणजे हाताने सोडता-जोडता येणारे नळीचे जोड. झाकण फिरवून उघडायचे असल्याने नळ्या आधी सोडवाव्या लागतात. पहिले चार महिने त्या क्लिपा काढून सोडवत होते. प्रत्येक वेळी पाणी सांडे, पाऊण तास जाई, आणि मी सफाई पुढे ढकलत राही. आता कॉक बंद करून युनियन सैल केले की पंधरा मिनिटांत काम होते आणि दर सहा आठवड्यांनी ते होतेच. घरी बांधताना फोमपेक्षा या दोन जोडांवर आधी खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आयता कॅनिस्टर घेणाऱ्याला हे सगळे बसवलेले मिळते. ज्याला कापणे, घासणे आणि तीन-तीन दिवस गळती तपासत बसणे आवडत नाही, त्याने तो घ्यावा.

दहाव्या महिन्यात ओ-रिंग चपटी झाल्याचे दिसले. गळती नव्हती, तरी ती बदलली आणि एक जास्तीची आणून ठेवली. तळाशी गाळ काढण्यासाठी वेगळा कॉक बसवण्याचा विचार बरेच दिवस मनात होता, पण त्यासाठी एंड कॅपला, म्हणजे सर्वाधिक दाबाच्या जागी, भोक पाडावे लागेल. ते मी करणार नाही. सहा आठवड्यांत साचणारा गाळ कॅनिस्टर उचलून बादलीत ओतता येतो.