घरची कालवड वाढवायची की तयार गाय आणायची? सिन्नरच्या गोठ्यातला हिशेब

मेहुण्याचा चांदवडहून फोन आला. "दाजी, दोन कालवडी आहेत दावणीला. वाढवू का विकून टाकू? त्यात भर घालून लोणीच्या बाजारातून पहिल्यांदा व्यायलेली पहिलारू गाय आणली तर दुसऱ्या दिवसापासून दूध डेअरीला जाईल."

प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र गोठ्यागणिक बदलतं. माझ्याकडे सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. गेल्या नऊ वर्षांत घरच्या १४ कालवडी धरल्या आणि मध्ये तीन गाई बाजारातून आणल्या. दोन्हीकडे पैसे मिळाले, दोन्हीकडे गेलेही. मेहुण्यासाठी वहीत मांडलेलं गणित इथे देतो. दर मी धरलेले आहेत : दूध ३२ रुपये लिटर, गोळी पेंड ३० रुपये किलो, काफ स्टार्टर (वासरांचा खुराक) ३८, ओला चारा आणि मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) मिळून सरासरी ४, सुका चारा ८. तुमच्याकडचे दर टाकून बेरीज पुन्हा करा.

जन्मापासून पहिल्या वेतापर्यंत एका कालवडीचा खर्च, वेळेवर गाभण राहिली तर :

| टप्पा | दिवस | दूध व खुराक (रु.) | चारा (रु.) |
|---|---|---|---|
| जन्म ते ३ महिने | ९० | ९,७१० | ३०० |
| ४ ते १२ महिने | २७० | १२,१५० | ९,७२० |
| १३ ते १८ महिने | १८० | ८,१०० | १२,९६० |
| गाभण काळ | २८० | १५,३०० | २९,१२० |

खुराकाचे ४५,२६० आणि चाऱ्याचे ५२,१००. त्यात औषधं, जंतनाशक, खनिज मिश्रण आणि रेतनाचे (कृत्रिम गर्भधारणेचे) ७,००० मिळवले की १,०४,३६० होतात. मजुरी यात धरलेली नाही. शेणखताची जमाही धरलेली नाही. सत्तावीस महिन्यांत एक ट्रॉली तरी कुजलेलं खत निघतं आणि द्राक्षवाल्यांच्या पट्ट्यात त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

तिकडे बाजारात नुकती व्यायलेली, बारा-चौदा लिटरची पहिलारू ८० ते ९५ हजारांत पडते. दलाली आणि टेम्पो धरून लाखाच्या आत गाय दावणीला. म्हणजे सगळंच विकत घालायचं असेल तर घरची कालवड बाजारापेक्षा महाग पडते. हे वाक्य मी मेहुण्याला दोनदा सांगितलं, कारण "घरचं वासरू फुकटात वाढतं" हा समज आपल्याकडे फार पक्का बसलेला आहे.

पण तोच तक्ता दुसऱ्या बाजूने वाचा. निम्मा आकडा चाऱ्याचा आहे. बांधावर हत्तीगवत आहे, दहा-पंधरा गुंठे मेथीघास आहे, मक्याचा मुरघास स्वतःचा आहे आणि बाजरीचं सरमाड घरचं आहे, त्याच्या खिशातून जातात साधारण ५२ हजार. तेही एकदम नाहीत, महिन्याला १,९०० च्या आसपास. त्यातले ८ हजार तर डेअरीला न घातलेल्या दुधाचे. तेव्हा आधी विहिरीत डोकावा, मग कालवडीकडे बघा. आमच्या सिन्नरच्या पूर्व भागात मार्चनंतर पाणी हटतं आणि चाऱ्याची गाडी विकत घ्यावी लागते. निफाडच्या कालव्याखालच्या माणसाला तोच महिना उसाच्या वाढ्यावर सहज निघतो.

आता जिथे खरे पैसे सांडतात तिथे येतो. पहिल्या तीन महिन्यांत माणूस जपतो, कारण वासरू लहान असतं, नजरेसमोर असतं. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजायचा, पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या सहा तासांत. वार (गर्भाची झिल्ली) पडायची वाट बघत चीक थांबवू नये. माझी एक कालवड त्या नादातच गेली : रात्री दोनला गाय व्यायली, मी सकाळी सातला चीक पाजला, आठव्या दिवशी हगवण लागली आणि अकराव्या दिवशी दावं रिकामं झालं. दूध पाजताना बादलीत दोन बोटं बुडवून चोखायला द्यावी लागतात. वासरू ढुशी मारतं, निम्मं दूध पँटवर येतं. तीन-चार दिवसांत मात्र ते आपणहून बादलीत तोंड घालतं. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर स्टार्टर समोर ठेवायचा आणि रोज किलोभर खायला लागलं की दूध तोडायचं. दुधाऐवजी पावडर वापरली तर लिटरमागे चार-पाच रुपये वाचतात, पण दुधाचा दर पडलेला असताना तेवढेही वाचत नाहीत. २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं होतं. तसल्या दिवसांत दूध सरळ वासरालाच पाजावं.

खरा घात होतो तो दूध तुटल्यानंतर. कालवड मागच्या दावणीला जाते, दुभत्या गाईंचं उष्टं तिच्यापुढे पडतं आणि खुराक बंद होतो. दिवसाचे ४५ रुपये वाचले म्हणून आपण खूश. पण एचएफ संकरित कालवड २५० ते २७५ किलोची झाल्याशिवाय भरवू (रेतन करू) नये, आणि उपाशी ठेवली तर त्या वजनाला ती दीडऐवजी सव्वादोन वर्षांनी येते. पहिलं वेत तीन वर्षांवर जातं. वाढीव नऊ महिने, दिवसाला ११७ रुपये, म्हणजे ३१ हजारांच्या वर. ४५ रुपयांची ती बचत अशी वसूल होते.

वजनकाटा नसला तरी टेप असते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, तो त्यानेच गुणायचा, मग खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणून ६६० ने भागायचं. घेर ६२, लांबी ४६ आली तर कालवड २६८ किलोची, भरवायला तयार. मग पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी हवीच. मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) हुकला की पुढचा २१ दिवसांनी, आणि तेवढ्यात अडीच हजारांचा चारा-खुराक पोटात गेलेला असतो. दोन-तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की पाच ते साडेसात हजारांना फटका बसतो आणि तो वहीत कुठेच दिसत नाही.

माझ्या १४ पैकी १० व्यायल्या. दोन मेल्या, एक कधी फळलीच नाही, एक नड आली म्हणून सहाव्या महिन्यात विकली. या चौघींचा खर्च दहाजणींच्या डोक्यावर बसला. सहा महिन्यांत विकणं तर शुद्ध तोटा. तोवर १७ हजार घातलेले असतात आणि १२-१५ च्या वर कोणी मागत नाही. विकायची तर पहिल्या आठवड्यात, नाहीतर थेट गाभण करून.

तयार गाईचं मोठं सुख एकच, दूध आजपासून. १४ लिटरचे ४४८ रुपये. त्यातून सात किलो पेंड आणि सगळा चारा विकत धरला तर ३३० जातात, ११८ उरतात. चारा घरचा असेल तर २३८. कर्ज काढून आणली तर हप्ता यातूनच जायचा, आणि दूध वेतभर १४ राहत नाही. भाकड काळात हप्ता थांबत नाही.

दुसरी भीती, आपण काय विकत घेतो ते कळत नाही. माझी दुसरी गाय बाजारात बघितली तेव्हा कास तट्ट, सड आडवे झालेले. घरी आणून दोन वेळा पिळली तेव्हा चौदाचे नऊ लिटर झाले. विकणाऱ्याने दोन वेळा पिळलीच नव्हती, दूध तुंबवून आणली होती. तेव्हापासून गाय घ्यायची तर तिच्या गोठ्यात जाऊन, संध्याकाळ-सकाळ दोन्ही धारा समोर काढून. चारही सडांची पहिली चिळकांडी काळ्या फडक्यावर घ्यायची. गाठी दिसल्या की दगडीची (कासदाहाची) गाय समजून परत फिरायचं. सांसर्गिक गर्भपातासाठी (ब्रुसेलोसिस) रक्त तपासून घ्यायला डॉक्टरांची फी लागते, ती द्यावी. घरच्या कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ती लस एकदा टोचली की काम होतं आणि सरकारी मोहिमेत ती फुकट मिळते. आणलेल्या गाईचा असा इतिहास कोण सांगणार? शिवाय आपल्या गोठ्यातले गोचीड आणि आपलं पाणी घरच्या कालवडीला जन्मापासून ओळखीचं असतं. नवी गाय पहिल्याच उन्हाळ्यात गोचीडतापाने बसली की डॉक्टरचं मीटर सुरू.

मधला मार्ग सहा-सात महिन्यांची गाभण कालवड, ६० ते ७५ हजारांत. वाट बघायची अडीच-तीन महिने आणि कास अजून वापरलेली नसते. ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत पण चारा बेताचा आहे, त्याला मी हेच सुचवेन.

गोऱ्ह्यांचा विषय कोणी तक्त्यात घेत नाही. निम्मी वासरं नर होणार, एचएफच्या गोऱ्ह्याला औताला कोणी विचारत नाही आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कत्तलीची वाटही बंद आहे. म्हणून घरची पैदास वाढवायची असेल तर लिंगनिर्धारित रेतमात्रा वापराव्यात, दहापैकी साधारण नऊ कालवडी होतात. महाग आहेत, गाभण राहण्याचं प्रमाणही थोडं कमी, म्हणून त्या तरुण, निरोगी गाईवरच वापराव्यात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात डांगी ही देशी जात पाळणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे गोऱ्हा भाताच्या चिखलात कामाला येतो आणि घोटीच्या बाजारात त्याला भाव असतो.

मेहुण्याला विचारलं, विहिरीला पाणी कुठवर असतं? "एप्रिलच्या मध्यापर्यंत." मका? "दोन एकर, पण धान्याला." मग एकच कालवड ठेव, अर्धा एकर मका चिकात (दाणे दुधाळ) असतानाच कापून मुरघास कर, आणि दुसरी आत्ताच देऊन टाक, असं ठरलं. मोठी पाच महिन्यांची, चांगल्या गाईची, ती राहणार. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "धाकटी तशी चपळ आहे हो दाजी, तिच्याबरोबरचा गोऱ्हा मात्र मरतुकडा निघाला."

जुळी? एक नर, एक मादी?

"हो."

अशा जोडीतली कालवड दहापैकी नऊ वेळा वांझ निघते. पोटातच गोऱ्ह्याचं रक्त तिच्यात मिसळतं आणि तिची गर्भाशयाची वाढ खुंटते. बाहेरून सहसा काही कळत नाही. दीड वर्ष खाऊन ती माजावर येत नाही तेव्हा कळतं. तसं तपासणं सोपं आहे : डॉक्टर बोथट नळीने योनीची खोली मोजतात, अशा वासरात ती नेहमीच्या निम्मीही नसते. त्याला सांगितलं, आधी डॉक्टरांना बोलव, आणि घेणाऱ्याला जुळी आहे हे सांगूनच दे.

"मग दोन हजारांनी कमी मागेल तो."

मागू दे म्हटलं.