स्विमिंग पूलमध्ये फुटलेली काच आणि हाताने चालवायचा व्हॅक्यूम : सात महिन्यांनंतर

गोराईच्या आमच्या घरामागे छोटा पूल आहे. वीस बाय दहा, चार फूट खोल, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या आसपास पाणी. मे महिन्यात सगळी भाचरं जमलेली असताना वहिनीच्या हातून कोकम सरबताचा ट्रे निसटला. सहा ग्लास. दोन फरशीवर फुटले, चार काठावर आपटून पाण्यात गेले. फरशीवरची काच आधी झाडून घेतली, बारीक कण कणकेच्या गोळ्याला चिकटवून काढले. दहा मिनिटांचं काम. पाण्यातल्या काचेने मात्र डिसेंबर उजाडवला.

पहिली चूक माझी. पोरांना बाहेर काढलं, पण पंप बंद करायचं सुचलं नाही. काच जड, ती तळाशीच बसते. पण बारीक चुरा पाण्याच्या ओढीने मेन ड्रेनकडे, म्हणजे तळाच्या जाळीच्या निचऱ्याकडे सरकतो. दुसरी चूक म्हणजे शेजाऱ्यांचा तळ साफ करणारा रोबो आणून सोडला. वीस मिनिटांत त्याची पिशवी फाटली आणि गोळा केलेलं सगळं पुन्हा तळभर. पिशवीचे पैसे भरले, वर चार शब्द ऐकले.

मग हाताने चालवायच्या व्हॅक्यूमचा हा सेट घेतला : ब्रशवालं हेड, दीड इंची दहा मीटरचा पाइप आणि लांब होणारा दांडा. पाइप स्किमरला (काठाजवळचं, पंपाकडे पाणी ओढणारं तोंड) जोडण्याआधी पाण्याने पूर्ण भरून घ्यावा लागतो, नाहीतर हवा धरतो आणि पंप नुसताच घरघरतो. मी दुसरं टोक रिटर्नच्या, म्हणजे जिथून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाशी धरून भरतो, बुडबुडे थांबले की जोडतो.

खरी मेख पंपाशेजारच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी कुठे जायचं ते ठरवणाऱ्या मुठीच्या झडपेत आहे. तो 'फिल्टर'वर राहिला तर चुरा पाणी गाळणाऱ्या वाळूत जाऊन बसतो. पंप बंद करून मूठ 'वेस्ट'वर आणायची, म्हणजे पाणी वाळूला वळसा घालून थेट बाहेर. दहा मिनिटांत चार बोटं पाणी उतरतं. नारळांना घालतो, जिवावर येतं. मोठे तुकडे पंपाच्या बास्केटमध्ये अडकतात. अतिशहाणपणाने तिथे नायलॉनचा पायमोजा ओढला, तर बोगनवेलीच्या पाकळ्यांनी तो तुंबला आणि पंप कोरडा फिरायला लागला. आता मोजा लावतो, पण दर पाच मिनिटांनी उघडून बघतो.

हेड हलवायचं ते केर काढल्यासारखं नाही, तव्यावर डोसा पसरावा तसं संथ. घाई केली की चुरा उडतो आणि अर्धा तास थांबावं लागतं. हेडची चाकं भिकार. तिसऱ्या महिन्यात एक गळून पडलं, दुकानदाराने हात वर केले. तारेने बांधलंय. पाइप मात्र उन्हातसुद्धा तडकला नाही.

दिवसा काच दिसतच नाही. हवेत ती चमकते, पण पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.33 आणि काचेचा 1.5 च्या आसपास, म्हणजे जवळजवळचे, त्यामुळे पाण्यात ती विरघळल्यासारखी होते. रात्री दिवे घालवून, काठावर पालथं पडून टॉर्च तळाशी जवळजवळ आडवा धरला की एकेक कण ठिणगीसारखा उठतो. पहिल्या रात्री तळाच्या निळ्या टाइलांच्या सांध्यांत अकरा सापडले. त्यातला एक टाइलचीच कपची निघाला, त्याच्यासाठी मी अर्धा तास पाण्यात रबरी बूट घालून वाकलो होतो.

"रिकामाच कर ना," असं सगळे म्हणत होते. जूनच्या तोंडावर ते करायचं नव्हतं. आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात हात घालावा इतकं वर येतं. अशा जमिनीत रिकामा पूल खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलला जातो, तडकतो. शिवाय पुन्हा भरायला दहा हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडं. म्हणून पावसाळाभर दर रविवारी व्हॅक्यूम, मग टॉर्च. पोरं गणपतीत आली तेव्हाही उतरू दिली नाहीत.

परवा, विहीर पुरेशी खाली गेल्यावर, पूल रिकामा केला. तळ स्वच्छ. मेन ड्रेनची जाळी काढली तर खाली चिखलात दोन तुकडे : एक नखाएवढा आणि एक ग्लासच्या बुडाचा अर्धचंद्र, अजून पार धारदार. व्हॅक्यूम तिथे पोचतच नाही. काल टँकर मागवलाय, आणि या वेळी पाणी भरण्याआधी वहिनीने स्टीलचे पेले आणून ठेवलेत.