कापडी डायपर: सोलापूरच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत

घाईत असाल तर एवढंच वाचा: दिवसा घरात कापडी, रात्री आणि प्रवासात वापरून फेकायचे, आणि पहिला दीड महिना दोन्ही नकोत, साधे तिकोनी लंगोट. आमच्याकडे शेवटी ही घडी बसली.

मी ऑनलाइन मागवले ते खिशाचे डायपर. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, आतून मऊ अस्तर, दोन्हींच्या मधल्या खिशात सरकवायचं पॅड. पाकिटावर ऐटीत लिहिलेलं, ‘पहिल्या दिवसापासून’. लेक जन्मली पावणेतीन किलोची. सगळी टिचबटणं शेवटपर्यंत आवळली तरी मांडीपाशी दोन बोटं फट राहायची आणि माल थेट दुपट्यावर. नीट बसायला लागले ते ती साडेचार किलोची झाल्यावर. तोवर आईने जुन्या सुती साड्या फाडून शिवलेल्या लंगोटांवरच निभावलं.

त्या लंगोटांचा खरा उपयोग मात्र भलताच निघाला. बाळंतपण मार्चअखेर, म्हणजे डोक्यावर सोलापूरचा एप्रिल. बघायला येणारी प्रत्येक बाई पदराने वारा घेत म्हणायची, “लेकराचा घसा सुकत असेल गं, दोन चमचे पाणी तरी पाज की!” कुणी घुटी सुचवायचं, कुणी मधाचं बोट. आणि मला रात्रंदिवस एकच घोर, दूध पुरतंय का? बाटली असती तर मापं दिसली असती, अंगावरच्या दुधाला मापं कुठली?

डॉक्टरांनी सरळ हिशेब दिला. आत किती गेलं ते सोडा, बाहेर किती येतं ते बघा. पहिल्या दिवशी एक-दोनदा शू झाली तरी चालतं, पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान 6 लंगोट ओले व्हायला हवेत, शूचा रंग फिका हवा. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून यावं. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं, म्हणून सहा महिने वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. मग आई कॅलेंडरवर प्रत्येक ओल्या लंगोटाची रेघ मारायची, आणि पाणी पाज म्हणणारीला नुसतं कॅलेंडर दाखवायची.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडावर विटकरी डाग पडला. मला वाटलं रक्त, पोटात गोळाच आला. ते लघवीतले युरेटचे कण निघाले. पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतात, पाचव्या दिवसानंतरही येत राहिले तर बाळ दाखवायला न्यायचं. फेकायच्या डायपरमधली जेल एवढीशी शू क्षणात गिळते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत किती वेळा झाली ते पटकन कळत नाही.

आता पाण्याचं रडगाणं. विकणारे ‘पर्यावरणपूरक’ म्हणतात, त्यांच्या घरी नळाला रोज पाणी येत असावं. आपल्याकडे नळ कितव्या दिवशी येतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. मधले दिवस बोअरचं पाणी, तेही जड. त्यात साबणाचा फेस धड होत नाही, न निघालेला साबण कापडात बसतो आणि सोबत आलेली मायक्रोफायबरची, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांची, पॅडं पापडासारखी कडक होतात. शेवटचं खळबळणं तरी नळाच्या साठवलेल्या पाण्यात करा. कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचा थर बसला की पॅड शू शोषतच नाही. ऊन मात्र आपल्याकडे फुकट आणि रग्गड, पॅडं तासाभरात खडखडीत वाळायची. कव्हर सावलीत वाळवा, तापून तापून त्याचा जलरोधक थर खराब होतो. सप्टेंबरच्या पावसात मात्र घरभर दोऱ्या बांधल्या तरी ओलं संपेना, त्या महिन्यात मी बिनदिक्कत फेकायचे वापरले. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण धुणं त्यांच्याकडे नव्हतं.

पुरळ दोन्हींत येतं, कापडी घातलं म्हणजे सुटलो असं नाही. ओलं ठेवलं की येतंच. दर दोन-तीन तासांनी बदलायचं, दुपारी थोडा वेळ उघडं खेळू द्यायचं, पावडर नाही, झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं. जांघेच्या घडीत लालभडक होऊन आजूबाजूला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, घरचे उपाय न करता डॉक्टरांकडे जा.

घेणार असाल तर टिचबटणांचे घ्या. वेल्क्रोला धुण्यात दुपट्यांचे धागे चिकटतात आणि थोड्याच दिवसांत पकड जाते. आणि सोबत येणाऱ्या पॅडांवर पैसे घालवू नका. टॉवेलच्या गावात राहून बाहेरचं मायक्रोफायबर कशाला? आईने सुती टेरीचे नॅपकिन तिहेरी दुमडून कडेने शिलाई मारली. पहिल्या तीन-चार धुण्यांनंतर ते चांगले शोषायला लागले आणि आजही मऊ आहेत.

नणंदेचे दिवस भरत आलेत, तिने माझा संच आत्तापासूनच मागून ठेवलाय. कव्हरं खुशाल ने म्हटलं, पॅडांसाठी नॅपकिन तुझे तू नवी पेठेतून आण.